फ्लेक्सच्या कोपऱ्यातला फोटो

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावातून, दूध संस्थेत सचिव असलेल्या एका वडिलांनी हे पत्र लिहिले आहे. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा चार वर्षांपासून रोज पहाटे पाच वाजता तालमीत जातो. दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला शिवराज राक्षे हा त्याचा आवडता मल्ल. खांद्यावर गदा घेतलेल्या राक्षेचा एक मोठा फ्लेक्स मुलाने साठवलेल्या पैशांतून छापून घेतला आणि आपल्या खाटेच्या वर लावला. रिवाजाप्रमाणे खालच्या कोपऱ्यात हात जोडलेला स्वतःचा छोटा फोटोही त्याने टाकून घेतला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीचा निकाल मान्य न झाल्याने राक्षेने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. संघटनेने त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केले. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स उतरवला आणि गोठ्यात वैरणीवर झाकायला टाकला. तेव्हापासून मुलगा घरात कामापुरतेच बोलतो. तालमीतली पोरे म्हणतात, "अन्याय झाल्यावर काय पाया पडायचं?" पुढे एका शालेय तालुका स्पर्धेत हरल्यावर मुलगा पंचांशी हात न मिळवताच मॅटवरून उतरला. वडील विचारतात: खेळाडू हा फक्त खेळाडू असतो, आदर्श नव्हे, हे मुलाला कसे पटवावे? त्याची कुस्तीच बंद करावी का? आणि पुढची महाराष्ट्र केसरी दाखवायला नेण्याचे वचन दिले होते, ते पाळावे की मोडावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात मी दोन ठिकाणी थांबले. एक म्हणजे फ्लेक्सच्या कोपऱ्यातला तो फोटो. तुम्ही तो सहज, तपशील म्हणून लिहिला आहे. परंतु मला वाटते, मुलाच्या अबोल्याचे बरेचसे कारण तिथेच आहे. तुम्ही राक्षेचा फ्लेक्स उतरवलात, तो वैरणीवर टाकलात, आणि त्यासोबत खालच्या कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला तुमचा मुलगाही वैरणीवर गेला. तुमच्या मनात तसे नव्हते, हे उघड आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाला 'त्याचे वागणे चुकले' आणि 'ज्याच्यासारखे व्हायचे असे तू ठरवले होतेस ते सगळेच चुकले' या दोन वाक्यांतला फरक एवढ्या घाईत कळत नाही. त्याला फक्त एवढे कळले, की ज्या गोष्टीवर त्याने साठवलेले पैसे खर्च केले, तिची किंमत आपल्या वडिलांच्या लेखी कडबा भिजू नये एवढीच आहे.

दुसरे ठिकाण पत्राच्या शेवटाकडे आहे, आणि त्याच्याकडे मी नंतर येते.

आधी तुमच्या प्रश्नाच्या पोटात असलेल्या एका गृहीतकाविषयी. तुम्ही लिहिता, की खेळाडूंना आदर्श मानणे हीच मुळातली चूक आहे. त्यांनी खेळावे, आपण टाळ्या वाजवाव्यात आणि घरी यावे. ही भूमिका तुमची एकट्याची नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कले याने बुटांच्या एका जाहिरातीत कॅमेऱ्याकडे पाहून सांगितले होते, की मी कोणाचा आदर्श नाही, आणि मला चेंडू जाळीत टाकता येतो म्हणून तुमची मुले मी वाढवावीत असे होत नाही. ते काम आईवडिलांचे. त्या जाहिरातीने तिकडे मोठा वाद उठला. कार्ल मलोन या त्याच्याच तोलाच्या खेळाडूने एका नियतकालिकात उत्तर दिले, ते थोडक्यात असे: आदर्श व्हायचे की नाही हे आपण ठरवत नाही, लोक ठरवतात; चांगला आदर्श व्हायचे की वाईट, एवढेच आपल्या हाती उरते.

मला दोघांचेही अर्धे पटते. बार्कलेचे म्हणणे आईबापांना जागे करणारे आहे, पण ते बूट विकताना केले गेले, हे विसरता येत नाही. आपली छबी मुलांच्या मनात घर करते, म्हणूनच कंपन्या खेळाडूंना पैसे मोजतात. त्या पैशांवर हक्क सांगायचा आणि त्या छबीच्या ओझ्यातून मात्र मोकळे व्हायचे, हे काही बरोबर नाही. उलट बाजूला पुल्लेला गोपीचंद आहे. २००१ मध्ये बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर त्याने शीतपेयाची जाहिरात नाकारली, कारण जे आपण स्वतः पीत नाही आणि मुलांच्या प्रकृतीला चांगले मानत नाही, ते विकायचे नाही असे त्याचे म्हणणे होते. कुस्तीतल्या मल्लाची जाहिरातींतली मिळकत क्रिकेटपटूच्या पासंगालाही पुरणारी नाही, हे खरे. तरी चौकाचौकांत त्याचे फ्लेक्स लागतात, गावोगावच्या मैदानांना तो पाहुणा म्हणून जातो, आणि तिथे त्याच्या पायांशी वाकणाऱ्या पोरांची रांग असते. त्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांचे आपण काही देणे लागतो, हे त्याने मान्य केलेच पाहिजे. म्हणून त्या लाथेला मी 'रागाच्या भरात होते असे' म्हणून सोडून देणार नाही. निकाल चुकला असेल. त्याविषयी नंतरही पुष्कळ वाद झाला, आणि अन्याय झाला ही त्या मल्लाची बाजू होती. तरी पंचाच्या अंगावर पाय टाकणे कुस्तीत बसत नाही. तालमीत शिरताना पायरीला हात लावून मग आत जाणाऱ्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागू नये.

मात्र 'आदर्श नव्हेच' हे तुमचे वाक्य तुम्ही मुलासमोर कितीही वेळा म्हटलेत, तरी ते त्याला पटणार नाही, कारण ते त्याच्या अनुभवाला धरून नाही. पहाटे पाच वाजता थंडीत अंथरूण सोडायला त्याला कोणी तरी हवे असते. जोर मारताना शंभराच्या पुढे हात थरथरू लागतात, तेव्हा समोर एखादा चेहरा लागतो. तो चेहरा तुमचाच असावा, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. पण बाप हा त्या कामाला फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो रोज दिसतो. हे मी तुम्हाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. ज्याच्यासारखे व्हायचे तो थोडा लांबचा असावा लागतो, आणि ज्याच्यामुळे तसे होता येते तो जवळचा. या दोन जागा निराळ्या आहेत.

मग त्या लांबच्या माणसाकडून काय घ्यायचे? याचे एक उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि एके काळी तेच काम केलेला महेंद्रसिंग धोनी हा त्याला भावणारा खेळाडू. नेमबाजाने क्रिकेटपटूकडून काय शिकावे, असा प्रश्न पडेल. स्वप्नीलने त्याचे उत्तर मुलाखतींतून दिले आहे: मैदानावरचा शांतपणा, कारण नेमबाजीत तोच लागतो. त्याने धोनीची फलंदाजी घेतली नाही, केस वाढवले नाहीत, सगळा धोनी घरी आणला नाही. त्यातली एक गोष्ट उचलली आणि आपल्या कामाला लावली.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग मुलाला जरूर सांगा. एप्रिल २०१९ मध्ये जयपूरच्या आयपीएल सामन्यात, नो-बॉलचा एक निर्णय फिरवला गेल्यावर, बाद होऊन बाहेर गेलेला हाच धोनी थेट मैदानात शिरला आणि पंचांशी हुज्जत घालू लागला. त्याच्या मानधनातून त्या सामन्याची निम्मी रक्कम दंड म्हणून कापली गेली. शांतपणासाठी ज्याच्याकडे देश पाहतो, त्याचा शांतपणा त्या रात्री पाच मिनिटे टिकला नाही. म्हणून स्वप्नीलने घेतलेला शांतपणा खोटा ठरला का? पॅरिसमध्ये तो त्याच्या उपयोगी पडलाच. माणूस घसरला तरी त्याच्याकडून घेतलेली वस्तू आपली राहते, हे मुलाला धोनीच्या उदाहरणावरून समजेल, कारण तिथे त्याचा स्वतःचा जीव अडकलेला नाही. त्याच्या लाडक्या मल्लाविषयी तो लगेच ऐकून घेणार नाही. तेथपर्यंत आडवाटेनेच जावे लागेल.

माझ्या घरातली एक जुनी गोष्ट सांगते. माझा धाकटा भाऊ मोहम्मद अझरुद्दीनचा भक्त होता. त्याच्यासारखी मनगटे फिरवण्याच्या नादात त्याने गल्लीतल्या दोन खिडक्या फोडल्या होत्या. २००० साली निकाल-निश्चितीचे, म्हणजे मॅच फिक्सिंगचे, प्रकरण निघाले, क्रिकेट मंडळाने अझरुद्दीनवर आजन्म बंदी घातली, आणि आमच्या वडिलांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले त्याचे चित्र नखाने खरवडून काढले. बारा वर्षांनी, २०१२ मध्ये, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. यातून अझरुद्दीन निर्दोष की दोषी हे मला ठरवायचे नाही. वडिलांनाही ते खरवडताना ठरवता आले नव्हते. पण त्या कपाटाच्या दारावर डिंकाचा पिवळा चौकोन अजून आहे, आणि पन्नाशीला टेकलेला माझा भाऊ आजही शर्टाची कॉलर अझरुद्दीनसारखी उभी ठेवतो. चित्र काढले, कॉलर राहिली. दोघांनी त्या विषयावर मात्र पुन्हा कधी एक शब्द काढला नाही, आणि माझ्या मते नुकसान झाले ते तिथे झाले.

तुम्ही खाशाबा जाधवांचे नाव घेतले आहे: 'कुठे खाशाबा आणि कुठे हे आजचे.' कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्या पदकाचा अभिमान कोणाला नाही? परंतु मुलाला मारण्याची छडी म्हणून खाशाबांचा उपयोग करू नका. ते त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. 'जुने सगळे सोन्याचे' या सुरात मुलाला फक्त एवढेच ऐकू येते, की तुझा काळ खोटा. शिवाय निकालावरून रेटारेटी ही जुन्या मैदानांनाही अपरिचित नव्हती; तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता, एवढाच फरक.

खाशाबांची गोष्ट सांगायचीच असेल तर तिचा दुसरा भाग सांगा. हेलसिंकीला लागोपाठच्या दोन लढतींमध्ये नियमाने मिळायला हवी ती अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, दमलेल्या अंगाने त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले, आणि त्याला हरकत घ्यायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे त्यांच्याविषयी वारंवार लिहिले गेले आहे. या प्रसंगात मला खाशाबांच्या संयमाइतकीच ती रिकामी जागा दिसते. हरकत घेणे हे मल्लाचे काम नव्हते. ते मोठ्या माणसाचे काम होते, आणि तो मोठा माणूस तिथे नव्हता. आणि याच गोष्टीत एक मोठा माणूस आहेही. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. फ्लेक्स छापायचा झाला तर कोणी त्यांचा छापणार नाही. पण तुम्ही 'आदर्श कोणाला मानावे' असे मला विचारता तेव्हा, तुमच्यासाठी, म्हणजे मुलासाठी नव्हे तर त्याच्या बापासाठी, मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

इथे मी दुसऱ्या ठिकाणाकडे येते. तालुका स्पर्धेविषयी तुम्ही ओघात लिहिले आहे: 'पंचाने ढळढळीत चुकीचा पॉइंट दिला तेव्हा मीही त्याला चार शब्द सुनावले, पण मुलाने हात न मिळवणे मला पटले नाही.' हे वाक्य तुम्ही पुन्हा वाचावे, अशी माझी विनंती आहे. लाथेची ती चित्रफीत काही सेकंदांची आहे, आणि ती अहिल्यानगरची आहे. तुमचे चार शब्द मुलाने मॅटच्या कडेला, घामाने भिजलेल्या अंगाने, सगळ्या तालुक्यासमोर ऐकले, आणि तुमचा आवाज तो जन्मापासून ओळखतो. पंचांशी हात न मिळवता तो उतरला तेव्हा त्याच्या मनात राक्षे होता की तुम्ही होता, हे त्यालाही सांगता येणार नाही. कदाचित त्याला वाटले असेल, की तो तुमच्याच बाजूने उभा राहत आहे.

याचा अर्थ चुकीचा निर्णय मुकाट्याने गिळावा, असा नाही, आणि इथे तालमीतल्या पोरांच्या प्रश्नालाही उत्तर द्यावे लागेल, कारण 'अन्याय झाल्यावर काय पाया पडायचं?' हा प्रश्न टाकाऊ नाही. पाया पडायचे नाही आणि लाथही मारायची नाही, यांच्या मधला रस्ता त्यांना कोणी दाखवलेला नाही. मॅटवरच्या कुस्तीत तो रस्ता नियमांतच आहे: गुणांचा निर्णय चुकला असे वाटले तर मल्लाचा प्रशिक्षक एक मऊ ठोकळा मॅटवर टाकून आव्हान देतो, पंच चित्रफीत पुन्हा पाहतात, आणि आव्हान फोल ठरले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे तक्रारीलाही किंमत आहे. ती विचार करूनच करावी लागते, आणि ती मल्लाने नव्हे तर त्याच्या बाजूच्या मोठ्याने करायची असते. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत ना पडदा असतो ना चित्रफीत, हे मला ठाऊक आहे. तिथे वस्तादांनी किंवा तुम्ही लढत संपल्यावर, आवाज न चढवता, संयोजकांकडे कागदावर तक्रार द्यावी आणि ती देताना मुलाला शेजारी उभे करावे. ती फेटाळली जाईल, बहुतेक वेळा फेटाळलीच जाते. तरीही मुलाने ते पाहिलेले असेल.

वस्तादांशी एकदा सवडीने बोला. मुलाच्या तक्रारी घेऊन जाऊ नका. त्यांना एवढेच विचारा, की त्या प्रसंगानंतर तालमीत या विषयावर बोलणे झाले का. बहुतेक ठिकाणी ते झालेले नसते, कारण मोठ्यांना वाटते पोरे विसरतील, आणि पोरे एकमेकांत बोलून आपला निकाल लावून टाकतात. वस्तादांनी जोर झाल्यावर घाम पुसता पुसता दहा मिनिटे तो विषय काढला, तर तुमच्या महिनाभराच्या उपदेशापेक्षा त्याचे वजन जास्त पडेल. त्यांच्या तालमीत एखादा असाही गडी असेल, जो गुडघा गेल्यामुळे मोठ्या स्पर्धांत उतरला नाही आणि आता लहान मुलांना पट काढायला शिकवतो. असा माणूस मुलाच्या नजरेत भरेल अशा रीतीने पुढे आणणे वस्तादांना जमते, आपल्याला जमत नाही. मात्र इथे माझ्याकडून एक सावधगिरीची सूचना, आणि ती मुलींच्या पालकांना अधिक जोराने: जवळचा माणूसही देव नव्हे. ज्याच्याविषयी मुलाला घरी येऊन एकही तक्रार करता येत नाही, असा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असला तरी तिथे लक्ष ठेवले पाहिजे.

कुस्ती बंद करण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. पंचाला लाथ मारणाऱ्याला संघटनेने तीन वर्षांची शिक्षा दिली. लाथ न मारलेल्या मुलाला तुम्ही जन्माची देणार का?

ज्या माणसाने चूक केली त्याचे पुढे काय होते, हेही मुलाला कळू द्या. तुमच्या कोल्हापुरात फुटबॉलविषयी मी काही सांगणे म्हणजे पंचगंगेला पाणी दाखवणे. तरी तालमीतल्या कोणा फुटबॉलवेड्या पोराला झिनेदिन झिदानची गोष्ट सांगायला लावा. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, बर्लिनमध्ये, त्याने इटलीच्या मातेरात्सीच्या छातीवर डोके हाणले, लाल कार्ड घेतले आणि चषकाच्या बाजूने चालत तो बाहेर गेला. फ्रान्स हरला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोनेरी चेंडू मात्र त्यालाच मिळाला, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने रेआल माद्रिदला २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. ती धडकही खरी, ते तीन चषकही खरे. तुमच्या मुलाच्या मल्लाचे पुढे काय होईल, ते आज कोणीच सांगू शकत नाही. मुलाला वाट पाहू द्या. वाट पाहणे म्हणजे पाठीशी घालणे नव्हे, एवढे तुम्ही त्याच्याशी बोलताना एकदा स्पष्ट करा आणि मग तो विषय सारखा उकरू नका.

आता फ्लेक्स. तो गोठ्यातून आणा, धुवा, वाळवा आणि गुंडाळी करून मुलाच्या हातात द्या. 'मी विचारायला हवे होते,' एवढेच म्हणा. त्यापुढे 'पण' जोडू नका. तो पुन्हा लावायचा की माळ्यावर ठेवायचा, हे त्याचे त्याला ठरवू द्या. कदाचित तो कात्री घेऊन फक्त आपला कोपरा कापून घेईल. कदाचित सगळा फ्लेक्स जसाच्या तसा पुन्हा खाटेवर लावील, आणि तुम्हाला रोज सकाळी तो पाहावा लागेल. त्याचीही तयारी ठेवा.

आणि महाराष्ट्र केसरीला त्याला अवश्य न्या. वचन दिले आहे म्हणून तर न्याच, शिवाय मोबाइलवर पाहिलेल्या त्या काही सेकंदांच्या भोवती किती तास आणि किती कुस्त्या असतात, हे त्याला दिसावे म्हणूनही न्या. अंतिम लढतीलाच पोहोचण्याची घाई करू नका. सकाळच्या वजन गटांच्या कुस्त्यांपासून बसा, जिथून पंचांचे हात नीट दिसतात अशा जागी. गुण कोणी घेतला, कसा दिला, हे त्याला तुम्हाला समजावून सांगू द्या, कारण नियम त्याला तुमच्याहून जास्त माहीत आहेत. हरलेला मल्ल मॅटवरून उतरून कुठे जातो, त्याला पाणी कोण देतो, तेही पाहा. भाकरी बांधून न्या, कारण रात्री उशीर होतो आणि बाहेरचे खाणे त्याच्या खुराकाला चालणार नाही. परतीच्या वाटेवर तो गाडीवर तुमच्या मागे बसलेला असेल, तुम्हाला त्याचा चेहरा दिसणार नाही. अशा वेळी मुले बोलतात. तुम्ही गाडी हळू चालवा.